न चुकणारं नाक

मुलीनं दप्तरातून एक पान काढलं आणि हसू दाबत बाबांच्या हातावर ठेवलं.

पान खोटं होतं. शाळेच्या नळामागे उगवलेला साधा नेचा.

बाबा साबणाच्या कारखान्यात वास तपासायचे. त्यांनी होकार दिल्याशिवाय एकही वडी बाहेर जायची नाही. एक नमुना हुंगला की दुसऱ्याआधी नाक ताजं करायला त्यांना टेकडीवरच्या एका रानझुडपाचं पान लागायचं. दिसायला हुबेहूब नेचा, पण चुरगाळलं की असा वास सुटायचा की पलीकडच्या खोलीतला कारकून मान वर करून बघायचा. नेच्याचं सोंग घेतं म्हणून बाबांनी त्याचं नाव ठेवलं होतं सोंगाड्या. शाळेतून कारखान्यात येताना ताजा सोंगाड्या तोडून आणणं हे मुलीचं काम.

गेले चार महिने तिला आणखी एक काम होतं. बाबा कागदाची पट्टी नमुन्यात बुडवून तिच्या नाकाखाली धरायचे. "बोला नाकेश्वरी, काय म्हणतोय नमुना?"

ती धडाधड ठोकून द्यायची. "लिंबू जास्त झालंय." "मागे काहीतरी जळकट आहे." बाबा मान डोलवून "बरोबर" म्हणायचे आणि वहीत तेच लिहायचे. ती एकदाही चुकली नव्हती! वर्गात तिनं याच्या इतक्या बढाया मारल्या होत्या की मैत्रिणी झाकण लावलेला डबा तिच्यापुढे धरून "ओळख बघू" म्हणायच्या.

मागच्या महिन्यात सर्दीनं तिचं नाक गच्च होतं. तरी ती ऐटीत म्हणाली होती, "एकदम झकास." बाबा म्हणाले, "बरोबर." तो अख्खा लॉट खवट म्हणून परत आला. मालकांनी बाबांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, पुन्हा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. बाबांचंही नाक चोंदलं असेल, असं मुलीला वाटलं होतं. घरात एकाला झाली की सगळ्यांना होतेच.

आज तिला गंमत सुचली होती. "डोळे बांधून दिलं तरी सोंगाड्या ओळखीन," असं बाबा नेहमी म्हणायचे ना? मग ओळखा! बाबा आता तोंड वाकडं करणार, ती खो खो हसणार आणि खिशातून खरा सोंगाड्या काढणार.

बाबांनी पान चुरगाळलं. डोळे मिटले. छातीभर श्वास घेतला.

"वा! आजचा तर कालच्यापेक्षा फर्मास."

हसायला उघडलेलं तिचं तोंड उघडंच राहिलं. त्या नेच्याला मुळी वासच नव्हता. आपल्या प्रत्येक उत्तराला बाबा "बरोबर" का म्हणायचे, ते तिला उभ्या उभ्या कळलं.

दारातून मालक डोकावले. "काय, पाठवायचा ना लॉट? गाडी खोळंबलीय."

"एक मिनिट हं, मालक. पोरीला जरा शिकवतोय." बाबांनी पट्टी तिच्यापुढे धरली. "बोला नाकेश्वरी."

उत्तर नेहमीसारखं जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. खिशातून खरा सोंगाड्या काढला, चुरगाळला आणि त्यात नाक खुपसलं.

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळहातावरचं पान उलटं केलं. पाठीवर नेच्याचे तपकिरी ठिपके होते. ते पट्टी हळूच मागे घ्यायला लागले.

मुलीनं बाबांचं मनगट घट्ट धरलं आणि पट्टीचा वास घेतला. एकदा. पुन्हा एकदा.

"अगं, लवकर सांग की!" मालक म्हणाले.

"घाई करू नका, काका," ती म्हणाली. "मी अजून शिकतेय."