डी.फार्मची उरलेली जागा

"मागच्या वर्षीही तुला मुलाखतीला बोलावलं होतं. का आली नाहीस?"

फार्मसी कॉलेजच्या प्रतिमा मॅडमनी फॉर्मवरून नजर उचलली. बाहेर व्हरांड्यात छायाचा बाप रंगराव बसला होता. सोनाळ्याहून येताना एसटीत त्यानं तीनदा बजावलं होतं, "मायचा विषय काढू नको तिथं. रडशीन, अन् हातची सीट जाईन." डी.फार्मची, संस्थेच्या कोट्यातली, एकच जागा उरली होती आणि मुलाखतीला अकरा जण आले होते. दहा जण आत जाऊन रुग्णसेवा, देशसेवा वगैरे घडाघडा म्हणून आले होते. छायानंही ते पाठ केलं होतं. पण विचारलं भलतंच, आणि पोरीला आयत्या वेळी खोटं सुचत नसे.

"माय वारली होती मॅडम, त्याच रोजी."

"आजारी होत्या?"

"चक्कर येत होते. डॉक्टरनं चिठ्ठी देली. दुकानदारानं चकरेच्या गोळ्यांऐवजी साखर कमी करायच्या देल्या. पाकीट सारखंच दिसते. मायच्या पोटात अन्न नव्हतं. दोन रोज घेतल्या, तिसऱ्या रोजी उठलीच नाही."

मॅडमशेजारी बसलेल्या भालचंद्र सरांनी पेन खाली ठेवलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. तो राग दिखाऊ नव्हता, आतून आलेला होता. एका परक्या बाईला आपल्या आईसाठी इतका संताप यावा, हे पाहून छायाला भडभडून आलं. वर्षभरात असं कोणी चिडलंच नव्हतं. गावानं नशिबाला बोल लावला होता. दुकानदारानं तेराव्याला येऊन हात जोडले होते, झालं.

"दुकानात फार्मासिस्ट नव्हता?"

"भिंतीवर होता. एका बाईचं फोटोवालं सर्टिफिकेट हाये फ्रेममधी. त्या बाईले गावात कोणीच पाह्यलं नाही. दुकानदार म्हणे, एजंटानं भाड्यानं आणून देलं. आपलं सर्टिफिकेट कोण्या दुकानात टांगलं, हे त्या बाईले बी मालूम नसन."

भालचंद्र सर एकाएकी खिडकीबाहेर पाहू लागले.

"सर, जागा या मुलीला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "बाकीच्यांना घरी जायला सांगा. आणि छाया, त्या बाईचं नाव दे मला. कोण आहे ती? मी स्वतः तक्रार करते."

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

छाया उठता उठता थांबली. आई गेल्यावर महिनाभर ती रोज त्या दुकानासमोर जाऊन उभी राहायची. काही घ्यायचं नसायचं. फ्रेममधल्या त्या बाईकडे नुसती बघत राहायची. आईचा चेहरा आता आठवावा लागे, त्या बाईचा मात्र आठवावा लागत नसे. आता समोर पाहताना आधी तिला भास वाटला. मग डाव्या भुवईवरचा तोच तीळ दिसला.

नाव आठवत नाही, एवढं म्हटलं तरी पुरत होतं. जागा मिळाली होती. वर्षभर रात्र-रात्र जागून जिची वाट पाहिली ती जागा. अर्धवट उघड्या दारातून रंगराव दिसत होता. आतलं बोलणं त्यानं ऐकलं असावं, कारण तो उभा राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होता, आणि हसतही होता.

छाया पुन्हा खुर्चीवर बसली.

"नाव माहेरचं हाये, मॅडम," ती म्हणाली. "फोटोत केस काळे हायेत तुमचे."