व्हर्जन वर, व्हर्जन खाली

माझा नवरा आणि माझा धाकटा भाऊ आमच्या बाहेरच्या खोलीत बसून एक जुनी वेबसाइट सांभाळतात. कुणाची, ते विचारायच्या भानगडीत मी पडत नाही. भांडण मात्र पाठ झालंय. दोघांच्या लायब्ररींना, म्हणजे तयार कोडच्या गाठोड्यांना, खाली एकच पॅकेज लागतं, पण नवऱ्याच्या छपाईला ते जुनं हवं आणि भावाच्या लॉगिनला नवं. एका म्यानात दोन तलवारी! सकाळी भावानं व्हर्जन वर न्यायचं, दुपारी नवऱ्यानं खाली आणायचं.

आज नवं व्हर्जन अर्धवट चढलेलं असतानाच नवऱ्यानं भावाची कॉलर धरली. "दाजी, हात काढा," म्हणेपर्यंत कीबोर्ड त्याच्या कपाळावर फुटला. मग त्यानंही दाजींचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. कुणाचा तरी फोन सारखा वाजत होता, पण उचलायला हात मोकळा कुणाचा होता?

"मरा एकदाचे दोघंही," म्हणत मी एकाचं फाटलेलं कपाळ आणि दुसऱ्याचे तुटलेले दोन दात गाडीत कोंबले आणि जवळचं हॉस्पिटल गाठलं. फाटक दिसताच दोघं एकमेकांकडे बघून एकदम गप्प झाले. मला वाटलं, आली अक्कल.

काउंटरवरची बाई रडकुंडीला आली होती. "कुणाचीच नोंदणी होत नाहीये हो, तासाभरापासून आमची वेबसाइट बंद आहे. सांभाळणारे फोनसुद्धा उचलत नाहीत."

तिनं पुन्हा नंबर लावला.



माझ्या नवऱ्याचा खिसा वाजायला लागला.