तंगवेलूचा चेहरा

अम्मा गेली तेव्हा कुंभकोणमच्या त्या घरात सगळे ढसाढसा रडत होते. तंगवेलूच्या चेहऱ्यावरची मात्र रेषही हलली नाही. सोळाव्या दिवसाच्या पंगतीत वडे वाढता वाढता थोरली बहीण पोन्नम्मा चारचौघांत म्हणाली, "आई गेली की शेजारीण? दगड आहेस मेल्या!" मग वर्षभर तिने अबोला धरला.

काल पोन्नम्माला त्याच्या बायकोचा फोन आला. डॉक्टरांनी त्याला कंपवात सांगितला होता. हात थरथरायच्या कितीतरी आधी काहींचा चेहराच आखडतो म्हणे.

पोन्नम्मा मिळेल त्या बसने आली. धाकट्या भावासमोर तिची मान वर होईना.

"तंबी, तेव्हा उलटून बोलला का नाहीस रे मला?"

तशाच कोऱ्या चेहऱ्याने तो हळू आवाजात म्हणाला,

"मला तुझंच खरं वाटलं गं, अक्का."