सोबतीचा डोस

दाढी वाढवून आणि मुद्दाम चुरगळलेला सदरा घालून दिगंबर चौबळ मिरजेतल्या दवाखान्यात येऊन बसले होते. नैराश्यावर डॉक्टर आता गोळ्यांबरोबर माणूसही लिहून देत. बायको गेल्यावर चौबळांच्या वाट्याला मुजावरबाई आल्या. त्या रोज संध्याकाळी येत, त्यांच्या फोडणीला नावं ठेवत आणि तेच पोहे दोनदा वाढून घेत. आजार बरा झाला की हा डोस बंद.

चौबळांच्या कपाळावरची तपासणीची पट्टी काढून डॉक्टरबाई हसल्या. "झोप, भूक, मन, सगळं जागेवर आलंय. आणि काका, हा अवतार करायलाही उत्साह लागतो. नैराश्यात तो कुठून येणार?"

"पण घर खायला उठतं हो!"

"तो एकटेपणा. तो आजारात मोडत नाही."

बाहेर मुजावरबाई पेढे घेऊन उभ्या होत्या. "सुटलात एकदाचे माझ्या तावडीतून! माझ्या हातचा पहिला पेशंट बरा झाला. खरंच बरं वाटतंय ना?"

"झकास!" म्हणत चौबळांनी पेढा तोंडात टाकला आणि ते खळखळून हसले. सकाळपासून न जमलेलं नाटक या खेपेला बेमालूम वठलं.