कावळा शिवेना

कृष्णेच्या घाटावर आबांच्या दहाव्याचा पिंड मांडून तास झाला, तरी कावळा शिवेना. घाटाला लागूनच असलेल्या आबांच्या मळ्यातल्या आंब्यावर कावळे तर ढीगभर बसले होते. गेल्या उन्हाळ्यात त्यांची घरटी काठीनं पाडणारा उदयसिंह आज हात जोडून त्यांच्याकडंच बघत होता.

"आबा, तुमची गाय विकणार न्हाई," तो म्हणाला. कावळे जागचे हलले नाहीत. "आईला अंतर देणार न्हाई." तरी काही नाही.

पाहुणे ताटकळले. मागून चुलते म्हणाले, "लेकीत जीव अडकला असंल रं त्यांचा."

उदयसिंह आंब्याकडं दोन पावलं सरकला. "आबा, हा मळा क्रांतीच्या नावावर करतो. आता तरी शिवा."

कावळे तसेच. मग त्याची धाकटी बहीण क्रांती पुढं आली. "दादा, ऊन लय हाय. तोंडावर टॉवेल घे आन जरा गाडीमागं बस जा."

तो गाडीमागं गेला आणि चार कावळे पिंडावर उतरले. सगळ्यांनी हात जोडले. आबांचा जीव मळ्यातच होता म्हणायचा.



'त्रास देणाऱ्या माणसाचा चेहरा कावळे वर्षानुवर्षं विसरत नाहीत,' ही शास्त्रज्ञांची बातमी क्रांतीनं घाटावर निघायच्या आधीच फोनवर वाचली होती.