टाकीची जागा

कचऱ्याच्या गाड्यांचा विषय संपला. बाजारातल्या बंद दिव्यांचा संपला. मंगळवारची बैठक चहा निवायच्या आत उरकणार, अशीच लक्षणं होती. सिदी मर्झूकच्या नगरपालिकेत हात वर करायचा तो फक्त विरोधासाठी, गप्प बसलं की ठराव मंजूर. आणि गप्प बसण्यात आमच्या सभासदांचा हात कोण धरणार?

"पुढचा विषय," अध्यक्ष मुख्तार मान वर न करता म्हणाले. "कब्रस्तानामागची मोकळी जागा. पाण्याच्या टाकीसाठी राखून ठेवलेली. ती आता कब्रस्तानाला जोडायची. कबरी खणून तयार ठेवायच्या, गुरुवारपर्यंत. कुणाची हरकत?"

हाजी तय्यब सगळ्यांत जुने सभासद. त्यांचं चहात बुडवलेलं बिस्कीट हातातच राहिलं.

"आणि टाकी?"

"टाकीचं बघू."

"अहो, बघतोच आहोत की इतकी वर्षं. पण काय हो अध्यक्षसाहेब, आपल्याकडे माणूस गेल्याशिवाय कधी कुदळ उचलली नाही. मयताची बातमी आधी, खणणं मागून. आता कोण एवढं घाईला आलंय?"

दोघं-तिघं हसले.

"उन्हाळा आहे, हाजी. उन्हात म्हातारी माणसं जातात."

"ते माझ्याकडे बघून का सांगताय?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. वसंतापासून गावातल्या नळांना थेंब नव्हता. शुक्रवारी नमाज झाली की मशिदीपासून गव्हर्नरच्या कचेरीपर्यंत पाण्यासाठी मोर्चा निघणार होता, आणि ते त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं. रौदाला तर सगळ्यांपेक्षा जास्त. ती पालिकेची सभासद आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका. मोर्चाचे फलक तिच्याच स्वयंपाकघरात रंगवले जात होते. रंगवणारा तिचा एकुलता एक मुलगा, अनीस.

तिने हात वर केला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"हरकत नाही," ती घाईघाईने म्हणाली. "फक्त विचारायचं होतं. किती?"

"किती काय, रौदाबाई?"

"कबरी."

अध्यक्षांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"मावतील तेवढ्या."

"आणि हे ठरवलं कुणी?"

"वरून फोन आला होता."

झालं. अळीमिळी गुपचिळी. हाजींनी बिस्कीट तोंडात टाकलं आणि खिडकीबाहेर बघत चावत बसले. चुन्याच्या कंत्राटावरून मागच्या बैठकीत एकमेकांची गचांडी धरायला निघालेले दोघे सभासद आज शेजारी शेजारी मुकाट बसले होते.

अध्यक्ष किटली घेऊन उठले आणि टेबलाला वळसा घालून रौदाच्या पेल्यात स्वतःच चहा ओतू लागले. माणूस मुळात वाईट नव्हता. अनीसची सुंता झाली तेव्हा अध्यक्षांनी मेंढा पाठवला होता.

"पोराची मावशी डोंगराकडे असते ना?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "चार दिवस धाडून द्या तिकडे. हवापालट होईल. माझे दोघं कालच गेले."

रौदाला वाटलं, उभं राहावं, किटलीसकट टेबल उलथवावं, रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावं. आणि तिला हेही वाटलं, की आत्ता गप्प बसले तर निदान माझा तरी वाचेल. हे दुसरं वाटलं त्याची तिला शरम वाटली. पण ते वाटायचं काही थांबलं नाही.

"तर मग," अध्यक्ष जागेवर जाऊन बसले. "कुणाची हरकत?"

रौदाने दोन्ही हातांनी चहाचा पेला धरला. बोटं भाजत होती, तरी सोडला नाही.

"मंजूर. पुढचा विषय, मोकाट कुत्री."

कुत्र्यांचा विषय चालू असतानाच ती बाहेर पडली. जिन्यात तिने अनीसला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग एकदम गलका ऐकू आला, पोरांचं हसणं, कुणीतरी गाणं म्हणत होतं.

"अनीस, ऐक. तू आजच मावशीकडे जा. बस मिळेल ती धर."

"आता कशाला मावशीकडे? आई, तुम्ही लोकांनी कमाल केलीत बघ. मला वाटायचं, तुमची पालिका म्हणजे नुसता चहाचा अड्डा."

"काय केलं आम्ही?"

"टाकी मंजूर केलीत ना? सकाळी मुकादम आला, म्हणाला टाकीच्या जागेवर खणायचंय, रोजावर पोरं पाहिजेत. मोर्चातली सगळी पोरं घेऊन आलोय मी. नुसत्या मोर्चाच्या नावाने टरकले, आई. आता शुक्रवारी मोर्चा नाही, वरात काढायची. बायकापोरंही येतो म्हणतायत."

"अनीस, तिथून नीघ." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "आधी तिथून नीघ."

"मोठ्याने बोल, इथे काही ऐकू येत नाही. आणि तुमचा मुकादम म्हणजे एक नमुनाच आहे. टाकीच्या पायाचे खड्डे म्हणे, पण मोजायला टेप आणायला विसरला. शेवटी मीच आत आडवा झालो." तो हसत होता. "अगदी मापात बसलो बघ."