कार्डावरची आत्या

शाळेच्या फाटकात शिपायानं मूल न्यायचं नवं कार्ड वाचलं, “आत्या ना? न्या मनवाला,” म्हणाला आणि वनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवेगळ्या मनवाला ती तीन वर्षं सांभाळत होती. संध्याकाळी मनवाचे बाबा खराडीच्या ऑफिसातून आले की दोघं बाल्कनीत चहा प्यायची. मनवाचं आवरताना तिला उशीर झाला तर ते स्वतःचाही कप झाकून ठेवायचे. आज त्यांनी बूट काढायच्या आत तिनं कार्ड टेबलावर आपटलं. “मी तुमची बहीण कधी झाले?” “अहो, शाळा नातेवाइकांकडेच मूल सोडते. कागदापुरतं लिहिलं.” “कागदापुरतंही नको!” ते बघतच राहिले, मग कानापर्यंत लाल झाले. खिशातलं पेन काढून त्यांनी ‘आत्या’ खोडलं. “उद्या दोघं शाळेत जाऊ,” ते पुटपुटले, “बाईंना खरं काय ते सांगू.” “बाईंना नंतर!” खुर्ची ओढून वनिता समोर बसली. “आधी मला सांगा.”